आधी काम, मग रिम, शेवटी टायर

लष्कराने निकालात काढलेला ट्रक विकत घेणाऱ्याचा पहिला मोठा खर्च बहुधा इंजिनावर होत नाही, टायरांवर होतो. अमेरिकेत ‘ड्यूस अँड अ हाफ’ या लाडक्या नावाने ओळखला जाणारा अडीच टनी एम-३५ हा ट्रक त्याचे बोलके उदाहरण आहे. त्याचे दणकट इंजिन बरीच वर्षे उभे राहिल्यावरही थोड्या खटपटीने सुरू होते. टायरही वरवर धडधाकट दिसतात. नक्षी खोल असते, हवा टिकून असते. पण त्यांच्या अंगावरची तारीख वाचली की लक्षात येते, हे रबर एका पिढीपूर्वीचे आहे. जमिनीवरचे दहाच्या दहा टायर बदलणे भाग पडते आणि मग खरा प्रश्न उभा राहतो. मूळचेच माप घ्यावे, थोडे मोठे घ्यावे, की मागची जोडचाके काढून प्रत्येक बाजूला एकेकच अजस्र टायर बसवावा?

हा निर्णय अनेकदा छायाचित्र पाहून घेतला जातो. उंच टायरांवर उभा असलेला लष्करी ट्रक रुबाबदार दिसतो, यात वाद नाही. पण टायर हे ट्रकच्या रचनेचे शेवटचे टोक आहे. त्याच्यामागे रिम, हब, बेअरिंग, ब्रेक, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि इंजिन अशी रांग आहे आणि टोकाला केलेला बदल त्या रांगेतल्या प्रत्येकाला सोसावा लागतो. म्हणून निवडीचा क्रम वेगळा हवा. हा ट्रक आता कोणते काम करणार हे आधी ठरवावे, त्या कामाचे वजन कोणती रिम पेलेल हे नंतर पाहावे आणि टायरच्या रूपाकडे सर्वांत शेवटी वळावे.

एम-३५ची मूळ रचना मिशिगनमधील लान्सिंगच्या रिओ कंपनीची. १९५०च्या सुमारास तो अमेरिकी लष्करात आला आणि पुढे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कारखान्यांतून काही दशके तयार होत राहिला. आज सर्वाधिक आढळतो तो त्याचा एम-३५ए२ हा प्रकार. तिन्ही अ‍ॅक्सलना इंजिनाची ताकद पोहोचते. पुढे दोन टायर, मागच्या दोन अ‍ॅक्सलवर प्रत्येकी चार. रिकाम्या गाडीचे वजन साधारण ५.९ टन. ‘अडीच टनी’ हे नाव आडरानातल्या भारावरून पडले. पक्क्या रस्त्यावर सुमारे साडेचार टन माल लादण्याची मुभा होती. कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास. अ‍ॅक्सलमधील गिअरचे प्रमाण ६.७२ला १. हे सगळे आकडे ९.००-२० या टायरभोवती बसवलेले आहेत. वीस इंची रिम, नाममात्र नऊ इंच रुंदी आणि उंची एका मीटरपेक्षा किंचित जास्त.

त्या टायरची नक्षीही लष्करी गरजेतून आली. तिला ‘नॉन-डायरेक्शनल ट्रेड’ म्हणतात. ठोकळ्यांची ही नक्षी पुढे जाताना आणि मागे येताना सारखीच ओढ देते. टायर कोणत्याही चाकावर, कोणत्याही बाजूने चढवला तरी चालतो. रिमही पुढे-मागे, आत-बाहेर एकाच घडणीची. त्यामुळे एक स्टेपनी दहाही जागांना लागू पडते आणि भांडारात एकच माप ठेवून भागते. लष्कराला हा गुण रस्त्यावरच्या गुळगुळीत चालीपेक्षा मोलाचा होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीतून आघाडीकडे रसद नेणारी ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात धावली. त्या धावपळीत अडीच टनी ट्रकांवर दुपटीने माल चढवला जाई, रस्त्यावर फेकलेले रेशनचे पत्र्याचे डबे टायर फाडत आणि टायरांचा तुटवडा ही मोहिमेची मोठी डोकेदुखी ठरली. ज्या लष्कराने हे भोगले, त्याने एका मापाचा आग्रह का धरला हे समजण्यासारखे आहे.

आज ट्रक घेणाऱ्याची गरज तशी नाही. त्याला भांडार सांभाळायचे नाही की रणांगणातल्या चिखलातून गाडी पुढे-मागे हिंदकळवत बाहेर काढायची नाही. बहुतेक वेळा डांबरी रस्ता, अधूनमधून शेत किंवा रान आणि एखादे संचलन एवढाच त्याचा व्याप असतो. डांबरी रस्त्यावर जुन्या लष्करी टायरचे दोष उघडे पडतात. ओल्या रस्त्यावर पकड कमी, वेगात आवाज फार आणि चिखलात खाचा एकदा भरल्या की त्या लवकर मोकळ्या होत नाहीत. आतील धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदणारे असल्यामुळे (आपल्याकडे ज्याला सरसकट ‘नायलॉन टायर’ म्हणतात तीच ही जात) गाडी रात्रभर उभी राहिली की टायरचा खालचा भाग चपटा होतो आणि सकाळी पहिले काही अंतर चाके धडधडत जातात. तेव्हा लष्कराने केलेली निवड आज जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. मात्र ज्या हिशेबाने ती केली गेली, तो हिशेब कोणालाच टाळता येत नाही.

या हिशेबातली पहिली बाब वयाची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. २००० सालापासून त्यातले शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१७’ म्हणजे २०१७ या वर्षातला तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर विसाव्या शतकातला आहे आणि पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. रबर वापराने झिजते, तसे नुसत्या काळानेही कडक होते. हवेतला प्राणवायू, ओझोन आणि ऊन यांच्यामुळे बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा उमटतात आणि आतल्या धाग्यांशी असलेली रबराची पकड सैल होत जाते. यातले बरेचसे बाहेरून दिसत नाही. नक्षीची खोली मोजून तर काहीच कळत नाही. कमी धावलेल्या लष्करी टायरचा सापळा नेमका हाच आहे. तो गोटा झालेला नसतो, म्हणून चांगला वाटतो. ‘वापरलेलाच नाही’ असे सांगून विकला जाणारा वीस वर्षांचा टायर नवा नसतो, केवळ न झिजलेला असतो. पुढच्या दोन चाकांबाबत तर कसलीही तडजोड नको. एम-३५ए२च्या बहुतेक गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नाही. भरवेगात पुढचा टायर फुटला तर सहा टनांची गाडी चालकाला निव्वळ हातांच्या जोरावर सावरावी लागते.

दुसरी बाब मापाची. एम-३५वाल्यांपुढे मुख्यतः चार मापे येतात. पहिले मूळचे ९.००-२०, उंची साधारण १,०२० मिलिमीटर. दुसरे ११.००-२०, उंची १,०८० मिलिमीटरच्या आसपास. तिसरे ३९५/८५ आर २०, जे अमेरिकी लष्कराच्या पुढच्या पिढीतल्या ‘एफएमटीव्ही’ ट्रकांमुळे लिलावात येऊ लागले. या लेखनपद्धतीत उंची मापातूनच काढता येते. ३९५ मिलिमीटर रुंदीच्या ८५ टक्के म्हणजे सुमारे ३३६ मिलिमीटर ही एका भिंतीची उंची. अशा दोन भिंती आणि ५०८ मिलिमीटरची रिम मिळून १,१८०. चौथे माप १४.०० आर २०, पाच टनी लष्करी ट्रकांचे, उंची साधारण १,२५० मिलिमीटर.

उंचीतला हा फरक रस्त्यावर काय करतो ते पाहू. इंजिनाच्या ज्या फेऱ्यांना मूळ टायरवर ताशी ९० किलोमीटर वेग मिळतो, त्याच फेऱ्यांना ११.००-२० वर सुमारे ९५, ३९५ वर १०४ आणि १४.०० वर ११० मिळेल. कागदावर हा फायदा वाटतो. पण हा वेग आकाशातून पडत नाही, तो ओढीच्या बदल्यात मिळतो. जमिनीवरची ओढ अनुक्रमे सुमारे ६, १४ आणि १८ टक्क्यांनी घटते. दीडशे अश्वशक्तीच्याही आतल्या इंजिनाला भरलेली गाडी घाटात चढवताना ही घट चांगलीच जाणवते. सपाटीवर मिळालेला वेग चढावर गिअर खाली टाकून परत द्यावा लागतो. वेगदर्शकाचा काटाही खोटे बोलू लागतो. तो ९० दाखवत असताना ३९५च्या टायरांवर गाडी प्रत्यक्षात १०४ने धावत असते.

ब्रेकची गोष्ट याहून गंभीर आहे आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. ड्रम तोच, लायनिंग तेच, पायाचा जोर तोच. चाकाची त्रिज्या वाढली की तेवढ्याच जोराला जमिनीवर मिळणारा रोध त्याच प्रमाणात कमी होतो. म्हणजे ज्या बदलाने गाडी अधिक वेगाने पळू लागते, त्याच बदलाने ती थांबायला अधिक अंतर घेते. शिवाय एम-३५ए२चे मुख्य ब्रेक हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक असून त्यांचे एकच मंडल आहे. एक नळी फुटली तर सगळ्या चाकांचे मुख्य ब्रेक एकदम जातात. अशा यंत्रणेत जी थोडी सवड आहे, ती दिखाव्यावर खर्च करणे शहाणपणाचे नाही.

तिसरी बाब रिमची. आमच्या मते निवडीचा खरा निकाल इथेच लागतो, कारण चुकीचा टायर लवकर झिजतो, पण चुकीची रिम चाकच निखळवते. एम-३५च्या हबवर सहा स्टड असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ८.७५ इंच, म्हणजे २२२.२५ मिलिमीटर. पाच टनी ट्रकांच्या हबवर दहा स्टड आणि ११.२५ इंचांचे, म्हणजे २८५.७५ मिलिमीटरचे वर्तुळ. त्यामुळे लिलावात स्वस्तात मिळालेली पाच टनी ट्रकची चाके एम-३५ला थेट लागत नाहीत. त्यासाठी रिमची मधली तबकडी बदलून घ्यावी लागते किंवा सहा स्टडची रुंद रिम शोधावी लागते. तबकडी बदलणे हे गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याचे काम नव्हे. जिथे जोड चुकला तर चाक डगमगते आणि जोड तुटला तर चाक सुटते, तिथे स्वस्त कारागिरी महागात पडते.

स्टडचे वर्तुळ जुळले म्हणजे सगळे जुळले, असेही नाही. जुन्या ‘बड’ पद्धतीच्या चाकात नटाचा गोलाकार तोंडवळा रिमच्या भोकातल्या खोलगट भागात बसतो आणि तोच चाकाला मध्यावर आणतो. नव्या पद्धतीत चाक हबच्या कडेवर टेकून मध्यावर येते आणि नट सपाट असतो. अमेरिकेतल्या नागरी ट्रकांवर दहा स्टडचे तेच २८५.७५चे वर्तुळ या दोन्ही पद्धतींत आढळते. म्हणून एकीचे नट दुसरीच्या रिमवर चढतात, आवळलेही जातात आणि पुढे रस्त्यावर सैल होतात. एम-३५च्या डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात, हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून स्टडच मोडतो. जोडचाकात आतल्या चाकाचा नट वेगळा आणि त्याच्यावर चढणारा बाहेरचा नट वेगळा. बाहेरचा सैल करून आतला आवळल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. आणखी एक साधी गोष्ट नव्याने रंगवलेल्या गाड्यांत हमखास राहून जाते. रिम आणि हब जिथे एकमेकांना टेकतात तिथे रंगाचा जाड थर नसावा. तो दबला की नटाचा ताण कमी होतो. नवी चाके चढवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत, हा नियम त्यासाठीच आहे.

रिमच्या रुंदीचा आणि खोलीचा विचारही याच ठिकाणी करावा. एम-३५ची मूळ रिम साडेसात इंच रुंद आहे. ११.००-२०ला साधारण आठ इंची, तर १४.०० आणि ३९५ या मापांना दहा इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर दाबून बसवला की त्याची भिंत फुगते, मधला भाग वर येतो आणि वळणावर गाडी डुलते. रिमची तबकडी मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, यावर भार हबच्या कोणत्या बेअरिंगवर पडणार हे ठरते. मूळ रचनेत हा भार दोन्ही बेअरिंगांत वाटलेला असतो. चाक बाहेरच्या बाजूला सरकवले की तो एकाच बेअरिंगवर लोटला जातो. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर स्प्रिंगच्या पाट्यांना किंवा मडगार्डला घासतो का, हे पैसे देण्याआधीच पाहावे. मापातला बारीक फरकही जीवघेणा ठरू शकतो. लष्करी ‘हमवी’ गाडीची रिम साडेसोळा इंची आहे. तिच्यावर सोळा इंची टायर बसवू पाहिल्यास हवा भरताना टायरची कड फुटते. अर्धा इंच म्हणजे काहीच नाही असे वाटणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे असावे.

चौथी बाब जोडचाकांची. मागची आठ चाके काढून चार मोठी बसवण्याचे आकर्षण मोठे आहे आणि त्यात तथ्यही आहे. मोकळ्या मातीत, वाळूत आणि चिखलात पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीतूनच मागचे एकेरी चाक जाते, त्यामुळे ओढ कमी लागते. दोन टायरांच्या फटीत दगड अडकत नाहीत. पंक्चर काढणेही सोपे होते. पण इथे वजनाचा हिशेब मांडलाच पाहिजे. समजा, मागच्या दोन अ‍ॅक्सलवर मिळून ८ टन भार आहे. आठ टायर असतील तर प्रत्येकी १ टन, चारच असतील तर प्रत्येकी २ टन. म्हणून मूळ मापाचे टायर ठेवून बाहेरची चार चाके नुसती काढून टाकणे म्हणजे टायरांवरचा भार दुप्पट करणे. मागे एकेरी चाके हवी असतील तर टायरही त्या वजनाचे हवेत. टायरच्या बाजूवरचा भारांक ते सांगतो. १५० म्हणजे ३,३५० किलो, १६० म्हणजे ४,५०० किलो, १६४ म्हणजे ५,००० किलो. त्यापुढचे अक्षर वेगाचे असते. ‘जी’ म्हणजे ताशी ९० किलोमीटर, ‘जे’ म्हणजे १००, ‘के’ म्हणजे ११०.

उलटी चूकही होते. पाच टन पेलणारा टायर दीड-दोन टनांखाली पूर्ण हवेवर चालवला तर तो फक्त मधल्या पट्ट्यावर टेकतो. गाडी आदळत चालते, मधली नक्षी झिजते आणि पकड कमी होते. टायर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात प्रत्यक्ष भाराला किती हवा हवी ते दिलेले असते. काट्यावर गाडीचे एकेक अ‍ॅक्सल मोजून त्या तक्त्याप्रमाणे हवा ठेवावी. बाजूवर छापलेला सर्वाधिक दाब हा सर्वांसाठीचा सल्ला नव्हे.

जोडचाके ठेवायची असतील तर त्यांची शिस्त पाळावी लागते. जोडीतला एक टायर दुसऱ्यापेक्षा उंच असेल तर भार उंच टायरवर पडतो आणि बुटका नुसता घासत जातो. ९.००-२० आणि त्याहून मोठ्या मापांत जोडीतल्या व्यासांचा फरक अर्ध्या इंचाच्या, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरच्या आत असावा, असा अमेरिकी टायर-व्यवसायातला नियम आहे. मूळ रिमवर जोडीने ११.००-२० बसवले तर दोन भिंतींमध्ये पुरेसे अंतर उरत नाही. भार आला की त्या एकमेकींना घासतात आणि तापतात. एम-३५ला आणखी एक खास अट आहे. त्याच्या मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. दोन्ही अ‍ॅक्सल एकाच गतीने फिरतात, त्यामुळे एकावर नवे आणि दुसऱ्यावर झिजलेले टायर असतील तर तो फरक कोरड्या रस्त्यावर शाफ्टच्या पिळात साठतो. काही एम-३५मध्ये मागची चाके घसरू लागली की पुढचा अ‍ॅक्सल आपोआप जोडला जातो. ही यंत्रणा पुढच्या-मागच्या फेऱ्यांतला फरक पाहूनच चालते. तिच्यापुढे वेगवेगळ्या उंचीचे टायर ठेवणे म्हणजे तिला चुकीची खबर देणे होय. म्हणून टायर बदलायचे तर सगळे एकत्र, एकाच मापाचे आणि एकाच जातीचे. नायलॉन आणि रेडियल यांची सरमिसळ एका अ‍ॅक्सलवर तर कधीच करू नये.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. अमेरिकी लष्कराने स्वतःच पुढे मोठ्या एकेरी रेडियल टायरांकडे मोर्चा वळवला, मग नागरिकाने का वळवू नये? १९९०च्या दशकात सुधारलेल्या एम-३५ए३ला मागे जोडचाकांऐवजी १४.५ आर २० मापाचे एकेरी टायर मिळाले. पाच टनी एम-९३९ मालिकेतही ए१ प्रकारापासून १४.०० आर २० आले. पण एम-३५ए३ला केवळ टायर मिळाले नाहीत. त्याबरोबर नवे कॅटरपिलर इंजिन आले, स्वयंचलित गिअरबॉक्स आला, पॉवर स्टीअरिंग आले आणि चालकाला बसल्या जागेवरून टायरांतली हवा कमी-जास्त करता येईल अशी यंत्रणाही आली. लष्कराने टोक बदलले तेव्हा मागची रांगही बदलली. नागरिकाने त्यातला फक्त दिसणारा भाग उचलू नये, एवढेच आमचे म्हणणे. हाती तेवढे तंत्र आणि पैसा असेल, तर एकेरी टायर हा उत्तम पर्याय आहे.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. एम-३५ची रिम एकसंध नसते. टायर बाजूने सरकवून चढवतात आणि लोखंडी रिंग बसवून अडकवतात. आत ट्यूब, ट्यूब आणि रिम यांच्यामध्ये फ्लॅप. भरलेल्या हवेचा काही टनांचा जोर त्या रिंगवर असतो. रिंग नीट बसली नसेल, गंजली असेल किंवा दुसऱ्याच बनावटीच्या रिमची असेल, तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. अशा अपघातांमुळेच अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे ‘ओशा’ने, १९८० साली अनेक भागांच्या रिमसाठी स्वतंत्र नियम केले आणि १९८४ मध्ये एकसंध रिमही त्यांच्या कक्षेत आणली. नियम सोपे आहेत. चाक उतरवण्याआधी व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडावी. हवा लोखंडी पिंजऱ्यात भरावी आणि लांब नळी लावून बाजूला उभे राहावे. दाबाखाली असलेल्या रिंगवर हातोडा मारू नये. तडकलेली रिम वेल्ड करू नये. वेगवेगळ्या बनावटीचे भाग एकत्र करू नयेत. हे नियम कारखान्यांसाठी आहेत, घरच्या अंगणात काम करणाऱ्याला ते बांधून घेत नाहीत. रिंग मात्र कारखाना आणि अंगण असा भेद करत नाही. एकसंध ट्यूबलेस रिम हवी असेल तर साडेबावीस इंची पर्याय आहे. ९.००-२०ची जागा १० आर २२.५ आणि ११.००-२०ची जागा १२ आर २२.५ घेते. सहा स्टडची तशी रिम शोधावी लागते, पण शोध सार्थकी लागतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. भारतीय लष्कराची जबलपूरच्या वाहन कारखान्यातली वाहने मुदत संपल्यावर लिलावातून बाहेर येतात. ती घेणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ध्यानात ठेवावे; उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकी आणि त्याहून मोठ्या वाहनांच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर नक्षी असावी लागते. अमेरिकेत व्यापारी ट्रकांच्या मागच्या टायरांनाही जवळपास तेवढीच मर्यादा आहे. पुढच्या टायरांसाठी मात्र ती दुप्पट, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर आहे. पुढचे टायर अधिक चांगले हवेत हा विचार आपल्या नियमात नसला, तरी चालकाने तो पाळायला हरकत नाही. शिवाय वीस इंची रिम, ट्यूब, फ्लॅप आणि लॉक रिंग हे सगळे आपल्या महामार्गांवरच्या जुन्या ट्रकांवर आजही रोज फिरते.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. बहुतेक मालकांसाठी मूळ मापाचे नवे रेडियल टायर, मूळ जोडचाकांवर, हाच सर्वांत कमी जोखमीचा आणि बहुधा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. ९.०० आर २० मापात ते मिळतात. मागे एकेरी चाके ठेवायची तर ब्रेक, स्टीअरिंग आणि रिम यांचा खर्च आधी धरावा आणि टायर त्यानंतर निवडावा. मापाची हौस असेल तर ती काट्यावरचे वजन हाती आल्यावर पुरवावी. आणि ट्रक अमेरिकेतला असो वा आपला, लॉक रिंगच्या चाकात पिंजऱ्याशिवाय हवा भरू देऊ नये. पंक्चरच्या दुकानात पिंजरा नसेल तर दुसरे दुकान गाठावे, आणि दुकान आपलेच असेल तर या महिन्यातला पहिला खर्च पिंजऱ्यावर करावा.